आजोबांचा बीबीसी मायक्रो आणि रुसलेला ड्राइव्ह

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेत पास होण्यापुरते मार्क. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे असं सांगितल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण जे सांगायचं आहे ते घडलं मराठीत, नांदगावला, आमच्या घरच्या माळ्याखाली. म्हणून मराठीतच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या.

विषय आहे जुन्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेला फ्लॉपी ड्राइव्ह चालेनासा झाला तर काय करायचं. तुम्ही म्हणाल, आता फ्लॉपी कोण वापरतं? बरोबर आहे, कोणीच नाही. पण दोष शोधायची जी पद्धत मी या ड्राइव्हवर शिकले, ती आपल्या लॅबमधल्या कुठल्याही किटला लागू पडते. ती पद्धत मी उशिरा शिकले आणि त्याची किंमत मोजली. तेही सांगणार आहे.

हे यंत्र नांदगावात आलं कुठून?

आमचं नांदगाव मनमाडच्या पुढे, भुसावळकडे जाणाऱ्या लाईनवर. आजोबा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात देशभरातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर दिले गेले. होय, रेडिओवाली बीबीसीच! ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम काढली, आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये हे यंत्र बनवलं. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ केबी. आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात मावणार नाही.

आजोबांना ट्रेनिंग मिळालं आणि पुढची काही वर्षं ते यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. नंतर ते जुनं झालं, डेडस्टॉक रजिस्टरमधून त्याचं नाव कमी झालं आणि लिलावात आजोबांनी ते भंगाराच्या भावात घरी आणलं. सोबत बाहेरचा ड्राइव्ह, एक रिबन केबल आणि सव्वापाच इंची फ्लॉपींचा एक डबा. मग सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर गेलं.

त्या डब्यात एका फ्लॉपीवर आजोबांच्या अक्षरात 'अक्षरे' असं लिहिलेलं होतं. या यंत्रात आपल्या मनाने अक्षराचा आकार ठरवता येतो. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके, प्रत्येक ओळीची एक संख्या. असे ३२ आकार सहज ठेवता येतात. आजोबांनी आलेखाच्या कागदावर देवनागरी अक्षरं काढून त्यांच्या संख्या केल्या होत्या. शिरोरेषा म्हणजे आठही ठिपके भरलेले, म्हणजे २५५. ३२ आकारांत सगळी मराठी बसेना म्हणून त्यांनी दोन भाग केले, एकात अक्षरं आणि दुसऱ्यात मात्रा, वेलांट्या, उकार. शाळेतल्या मुलांनी तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवर आपलं नाव मराठीत बघितलं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, "आजोबा, मी चालू करून देते." टी.ई. इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी ना मी! आजोबा ८१ वर्षांचे. ते एवढंच म्हणाले, "बघ बाई. घाई करू नको."

मी घाई केली.

मी काय चूक केली?

यंत्र चालू केलं, दोन सुरांची बीप ऐकू आली, टीव्हीवर अक्षरं उमटली. ड्राइव्ह जोडला आणि आनंदाच्या भरात थेट 'अक्षरे' फ्लॉपीच आत घातली. तारांकन आणि पुढे सी-ए-टी टाइप केलं, म्हणजे फाइलींची यादी दाखव अशी आज्ञा दिली. यादी आली! अकरा फाइली! घरात सगळ्यांना हाका मारल्या. मग एक फाइल मागितली. ड्राइव्ह कटकट करू लागला आणि स्क्रीनवर 'डिस्क फॉल्ट १८' असा संदेश आला. मी पुन्हा मागितली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ड्राइव्हमधून खर्र असा आवाज आला. फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली, तर खिडकीतून दिसणाऱ्या तपकिरी भागावर एक बारीक करडी रेघ गोल उमटलेली. आजोबांनी ती बघितली आणि चष्मा काढून पुसला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी वही घेतली आणि पहिल्यापासून विचार सुरू केला. पुढे लिहिलेला क्रम तिथून आला. हा क्रम मी आदल्या दिवशी पाळला असता तर ती रेघ पडली नसती.

पायरी १: आधी वीज

चाळीस वर्षं जुन्या पॉवर सप्लायला एकदम मेन्स द्यायची नाही. त्या काळच्या सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला जे फिल्टर कपॅसिटर असतात, त्यांच्या पारदर्शक वेष्टनाला वयाप्रमाणे तडे जातात, आत दमटपणा शिरतो आणि एक दिवस धूर निघतो. माझं नशीब की पहिल्या दिवशी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर तडे स्पष्ट दिसत होते. त्याच किमतीचा आणि एक्स-२ प्रकारचाच नवा कपॅसिटर लावावा, साधा चालत नाही. हे काम हॉस्टेलच्या खोलीत करू नका. लॅबमधल्या काकांसमोर करा, प्लग काढून ठेवा आणि मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा.

मग ड्राइव्हची वीज. बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली एक जादा पॉवर सॉकेट आहे, त्यातून ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट मिळतात, प्रत्येकी सव्वा ॲम्पिअरपर्यंत. काही ड्राइव्ह इथून वीज घेतात, काहींचा सप्लाय वेगळा असतो. मीटर लावून दोन्ही व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टवर ड्राइव्हची सर्किटं चालतात आणि १२ वर मोटर. दिवा लागतो पण मोटर फिरत नाही, असं असेल तर आधी १२ तपासा.

पायरी २: केबल

ड्राइव्हला जाणारी रिबन केबल ३४ तारांची असते. तिच्या कडेला रंगीत रेघ असते, ती तार क्रमांक १. जुन्या कनेक्टरांना खाच नसेल तर केबल उलटी बसू शकते. ओळखायचं कसं? या जोडणीत सगळ्या विषम क्रमांकाच्या तारा ग्राउंड असतात आणि सम तारांवर सिग्नल असतात. सिग्नल खाली गेला की आज्ञा झाली, अशी रचना आहे. केबल उलटी लागली की सगळे सिग्नल ग्राउंडला जातात, म्हणजे ड्राइव्हला सगळ्या आज्ञा एकदम मिळतात. म्हणून यंत्र चालू करताक्षणी ड्राइव्हचा दिवा लागला आणि तो विझतच नसेल, तर नव्वद टक्के केबल उलटी आहे. अशा वेळी आत फ्लॉपी नको, कारण लिहिण्याची तारही त्यातच आहे!

पायरी ३: ड्राइव्हचा नंबर आणि टर्मिनेटर

एका केबलवर दोन ड्राइव्ह बसतात. कोणता शून्य आणि कोणता एक, हे ड्राइव्हच्या बोर्डावरच्या छोट्या जंपरने ठरतं. त्यावर डीएस-०, डीएस-१ असं छापलेलं असतं. पीसीच्या ड्राइव्हला जंपर बहुतेक डीएस-१ वर असतो, कारण पीसीच्या केबलला मध्ये पीळ असतो. बीबीसीची केबल सरळ आहे. म्हणून पीसीतून काढलेला ड्राइव्ह इथे लावला की तो मुका बसतो. हाक 'शून्य'ला मारली जाते आणि याला वाटतं आपण 'एक'.

दुसरी गोष्ट टर्मिनेटर. सिग्नल ओपन कलेक्टरचे असल्यामुळे तार वर खेचायला रोधक लागतात. १५० ओहमचा तो गट केबलच्या शेवटच्या ड्राइव्हवर असायला हवा आणि फक्त तिथेच. एकच ड्राइव्ह असेल तर त्याच्यावर हवाच. नसेल तर कधी चालतो, कधी नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

पायरी ४: दोष कॉम्प्युटरमध्ये की ड्राइव्हमध्ये?

चालू करताना स्क्रीनवर 'एकॉर्न डीएफएस' अशी ओळ येते का बघा. ती डिस्क चालवणाऱ्या रॉमची ओळ. ती नसेल तर ड्राइव्ह उघडून काही उपयोग नाही, दोष यंत्राच्या आत आहे.

ओळ असेल तर ड्राइव्ह बदलून बघा. दुसरा जुना ड्राइव्ह कुठून आणणार? आता गोटेक नावाचा एक नकली ड्राइव्ह मिळतो. तो त्याच ३४ तारांच्या केबलला लागतो, पण फ्लॉपीऐवजी त्यात पेन ड्राइव्ह घालायचा. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर भरलं की तो बीबीसीशी नीट बोलतो. गोटेकवरून फाइल वाचता आली, म्हणजे कॉम्प्युटर, रॉम आणि केबल तिन्ही निर्दोष. निम्मा प्रश्न एका फटक्यात बाद! आपल्याला प्रॅक्टिकलला सांगतात ना, सर्किटच्या मध्यावर प्रोब लावा आणि दोष अलीकडे की पलीकडे ते ठरवा, तेच हे.

पायरी ५: ड्राइव्हचं अंग

झाकण काढा. हेड ज्या दांड्यांवरून सरकतं त्यांच्यावरचं ग्रीस वाळून गोंदासारखं झालेलं असतं. ते पुसून अगदी थोडं नवं लावा. हेड शून्य क्रमांकाच्या ट्रॅकपर्यंत पोचत नसेल तर 'डिस्क फॉल्ट १४' येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा. माझी काडी काळी झाली. हेडवर धूळ आणि जुन्या फ्लॉपीचं निघालेलं लेपण बसलं होतं. खर्र आवाजाचं उत्तर तिथे होतं.

मग वेग. सव्वापाच इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. जुने ड्राइव्ह पट्ट्यावर चालतात आणि पट्टा सैल झाला की वेग बदलतो. मोजायचं कसं? चक्राच्या खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वर्तुळ असतं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १०० भागिले ५ म्हणजे २०. वीस पट्ट्यांचं वर्तुळ त्या उजेडात स्थिर दिसलं, की वेग बरोबर. पुढे सरकताना दिसलं तर जास्त, मागे सरकलं तर कमी. एलईडीच्या नळीखाली हे दिसेलच असं नाही. आमच्या घरी मागच्या पडवीत एक जुनी पट्टी शिल्लक होती, तिच्याखाली ड्राइव्ह धरून बसले. आई म्हणाली, ही पोरगी आरती ओवाळतेय की काय!

पायरी ६: ४० की ८०?

आता खरा गुन्हेगार. फ्लॉपीवर माहिती गोल ट्रॅकमध्ये असते. काही ड्राइव्ह ४० ट्रॅकचे (इंचाला ४८), काही ८० चे (इंचाला ९६). आमच्या ड्राइव्हच्या पाठीमागे त्यासाठी एक छोटा स्विच आहे. फ्लॉपी ४० ची होती आणि स्विच ८० वर.

मग फाइलींची यादी कशी दिसली? कारण यादी शून्य क्रमांकाच्या ट्रॅकच्या पहिल्या दोन सेक्टरांत असते आणि शून्य ट्रॅक दोन्हींचा एकाच जागी असतो. पण समजा फाइल २० व्या ट्रॅकवर आहे. ८० च्या हिशोबाने वीस पावलं टाकली की हेड प्रत्यक्षात १० व्या ट्रॅकवर उभं राहतं. तिथे लिहिलेलं असतं 'मी दहावा'. कॉम्प्युटर वीस शोधतोय. सापडत नाही, म्हणून फॉल्ट १८, म्हणजे सेक्टर मिळाला नाही. यादी येते पण फाइल येत नाही, असं झालं तर पहिला संशय या स्विचवर घ्या.

म्हणजे त्या संध्याकाळी फ्लॉपीत काहीच बिघाड नव्हता. बिघाड माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर, एका स्विचमध्ये होता. आणि मी तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देऊन, घाणेरडं हेड एका भलत्याच ट्रॅकवर घासवत होते. जी फाइल मी मागितली ती त्या जागी नव्हतीच. तिथे दुसऱ्याच दोन फाइली होत्या.

पायरी ७: मूळ फ्लॉपी सगळ्यात शेवटी

सगळं नीट झाल्यावरसुद्धा आधी कोरी फ्लॉपी घ्या. फॉरमॅट करा, काही लिहा, यंत्र बंद करून पुन्हा वाचा. कोरी फ्लॉपी साध्या घनतेची हवी. पीसीची १.२ एमबीवाली घेऊ नका, तिचं लेपण वेगळ्या जातीचं असतं. कोरी फ्लॉपी तीनदा बिनचूक वाचली, की मूळ फ्लॉपीकडे वळा.

तिच्या कडेची खाच आधी चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे तिच्यावर चुकून लिहिलं जाणार नाही. (साडेतीन इंचीला उलटं असतं, तिथे भोक उघडं म्हणजे बंदी!) मग मधलं भोक धरून फ्लॉपी हाताने हळूहळू फिरवा आणि खिडकीतून पृष्ठभाग बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. आमच्याकडे हवा कोरडी, पण माळ्यावरचा पत्रा पावसाळ्यात गळतो, त्यामुळे डब्याला ओल लागली होती. ठिपके अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच फ्लॉपी आत घालावी. आणि पहिलं काम प्रत काढायचं, कार्यक्रम चालवून बघायचा नाही. पूर्ण डिस्कची प्रत एका आज्ञेत निघते, पण वाटेत एक सेक्टर खराब लागला की ती थांबते. म्हणून एकेक फाइल गोटेकवर उतरवली.

ज्यांच्याकडे बीबीसी नाही, फक्त फ्लॉपी आहेत, त्यांच्यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड आहे. तो जुन्या ड्राइव्हला यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरशी जोडतो आणि चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतो. वाचायला कठीण झालेल्या फ्लॉपीवर त्याचा चांगला उपयोग होतो. पण लेपणच खरवडून गेलं असेल तर कुठलाही बोर्ड ते परत आणत नाही.

निकाल

अकरापैकी नऊ फाइली मिळाल्या. गेलेल्या दोनांपैकी एक साधा पाढ्यांचा कार्यक्रम होता. दुसरी फाइल मात्रा, वेलांट्या आणि उकारांची होती.

आजोबांनी अक्षरांचा कार्यक्रम चालवला. एकेक करून अक्षरं उमटली, जाड ठिपक्यांची, वर सरळ शिरोरेषा. मग त्यांनी आमच्या गावाचं नाव टाइप केलं. स्क्रीनवर आलं 'नदगव'. ना काना, ना अनुस्वार. आम्ही दोघं हसलो, पण मला आतून कसंतरीच झालं. मी सॉरी म्हटलं. आजोबा म्हणाले, "अगं, अक्षरं वाचली ना. मात्रा परत काढता येतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून आलेखवही आणायला सांगितली. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून ठिपके मी भरते आणि बेरीज ते करतात. पहिली वेलांटी तयार झाली आहे. इकडे कॉन्व्हेंटच्या मुलीला ऱ्हस्व कोणती आणि दीर्घ कोणती हे यानिमित्ताने पक्कं पाठ झालं!

तर मंडळी, थोडक्यात सांगते. बाहेरून आत या: वीज, केबल, नंबर, कॉम्प्युटर, ड्राइव्ह, स्विच आणि शेवटी फ्लॉपी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. एकदा आलेला फॉल्ट तीच आज्ञा परत देऊन जात नाही, हात बाजूला घ्या आणि तो काय सांगतोय ते वाचा. आणि ज्याची दुसरी प्रत नाही, त्या वस्तूवर कधीही टेस्टिंग करू नका.

हॉस्टेलमध्ये किंवा स्टाफपैकी कोणाच्या घरी, गावच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात अशा जुन्या फ्लॉपी असतील तर अजून काही दिवस त्या ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी मला सांगा. काडी आणि अल्कोहोल घेऊन येते.